आषाढातली होडी

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

आज पावणेचारला सातवा भाग संपला आणि जानकीने माझ्या मनगटावर चापट मारली. जणू काही पुस्तक मीच तिथे तोडलं.

‘सातवण बंदर’ या मालिकेला हात लावायचा माझा विचार नव्हता. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, १९८२. आरेच्या दूध प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं नमुने तपासले. कादंबरी म्हणजे पाणी घातलेलं सत्य, असं माझं मत होतं. पण शेजारच्या जानकीला वाचता येईना. डावा डोळा लहानपणी गावी काजूचा चीक उडून गेला, आणि आता उजव्यात मोतीबिंदू. म्हणून जूनपासून रोज दुपारी तीन ते चार मी तिला वाचून दाखवते. आधी शेजारधर्म म्हणून. तिसऱ्या भागापासून मी अडीचलाच जाऊन बसते. तिला वाटतं चहासाठी.

सातवण हे कोकणातलं एक बंदर. तिथला पोस्टमास्तर पत्रांवरून गुन्हे शोधतो. सातव्या भागात भर पावसाळ्यात दाजी तांडेल या होडीमालकाचा खून होतो. मग एक निनावी पत्र येतं. पोस्टमास्तर चहाच्या किटलीच्या वाफेवर पाकीट धरतो, डिंक सुटायला लागतो, आणि पुस्तक संपतं! हा काय प्रकार आहे?

“आठवो भाग आण,” जानकी म्हणाली.

“आणते. दहा डिसेंबरला ऑपरेशन आहे, लक्षात आहे ना?”

“खून कोणी केल्यान ता कळल्याशिवाय मी टेबलावर झोपायची नाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे एकच डोळो आसा माझो. गेलो तर गेलो. पण आधी खुनी कोण ता कळूक होया.”

मी तिला विज्ञान समजावलं. तिने चहात बिस्कीट बुडवलं.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

मरोळच्या वाचनालयात गेले. रतन, तिथली ग्रंथपाल, चाळीस वर्षांची असेल, पण पुस्तकांच्या बाबतीत आजीसारखी. म्हणाली, “मावशी, आठवा निघालाच नाही. लेखक वारले, प्रकाशनही बंद पडलं. सातव्याचा शेवट वाचून किती लोक माझ्याशी भांडून गेलेत!”

मीही भांडले.

घरी येताना जिन्यात जयवंत भेटला. जानकीचा मुलगा, विमानतळावर कार्गोला आहे. बिचारा ड्यूटीवरून आला होता. “मावशी, डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू पार पिकलाय. आणखी लांबवलं तर कठीण होईल. आई माझं ऐकत नाही. तारीख दोनदा पुढे ढकललीय तिने. आधी पितृपक्ष, मग दिवाळी.”

“आणि आता?”

“आता तुमचं पुस्तक.”

माझं पुस्तक म्हणे.

जानकीला सांगितलं, आठवा भाग कुणीतरी नेलाय, पंधरा दिवसांत येईल. तेहतीस वर्षांत एकाही अहवालात मी खोटं लिहिलं नाही. आज मात्र जिभेला जरासुद्धा अडखळायला झालं नाही. नोंद करून ठेवते.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

ठरवलं. आठवा भाग मी लिहिणार.

भीमराज हसले. नवरा निवृत्त झाला की त्याला हसायला फार वेळ असतो. “विमल, तू? तू मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत ‘सस्नेह’ खोडलं होतंस, अनावश्यक म्हणून.”

मी सातही भाग परत आणले आणि नमुन्यांसारखे तपासायला घेतले. निरीक्षणं: प्रकरणाच्या शेवटी नेहमी काहीतरी अर्धवट राहतं. कुणी दार वाजवतं, कुणी “थांबा” म्हणतं. माणसं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत, भलतंच बोलतात. पोस्टमास्तरला उत्तर माहीत असतं तेव्हा तो शर्टाची बटणं नीट लावत बसतो. आधी वाचताना यातलं काहीच दिसलं नव्हतं, मी आपली पुढे पळत होते. आता कळतंय की तो मला पळवत होता.

हे जमण्यासारखं आहे. कृती स्पष्ट आहे.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

जमण्यासारखं नाही.

चार दिवसांत अकरा पानं. भीमराजना वाचायला दिली. चष्मा लावून त्यांनी मोठ्याने वाचलं: “सकाळी सहा चाळीसला पोस्टमास्तरने पत्र उघडले. कागद पांढरा, शाई निळी. मजकूर पुढीलप्रमाणे.”

“मग? काय चुकलं?”

“चुकलं काही नाही. दूध पास झालं.” थोडं थांबून म्हणाले, “पण विमल, यातली सगळी माणसं तुझ्यासारखीच का बोलतात? कोळीणसुद्धा पोस्टमास्तरला म्हणते, मुद्द्यावर या.”

फार राग आला. दुपारी वांगी चिरताना वाटलं, बरोबर आहे त्यांचं. जानकी कशी बोलते? तिला तब्येत विचारली की ती नारळाचा भाव सांगते. लगेच हात पुसले आणि कोळीण पुन्हा लिहिली. या वेळी कोळीण बोलायची थांबेना, तीन पानं खाल्ली तिने. भाजी करपली.

मला मजा येतेय, हे इथे लिहिते. बाहेर सांगणार नाही.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदान करून आले. एका बोटाला सरकारची शाई, दुसऱ्याला माझी.

तीन वाजता पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. पानं पाचव्या भागाच्या पुठ्ठ्यात घातली होती. जानकीला समोर उजेड आणि सावल्या एवढंच दिसतं, त्यामुळे पकडली जाण्याची शक्यता शून्य.

“पुस्तक आज लय फडफडता,” ती म्हणाली.

“जुनं आहे. पानं सुटलीत.”

“वास मात्र नवो येता.”

मी वाचत राहिले. माझ्या आठव्या भागात पोस्टमास्तर निनावी पत्र उघडतो. त्यात लिहिलेलं असतं: ‘खुनाच्या पहाटे दाजीचा पुतण्या होडी भरून मासळी घेऊन किनाऱ्याला लागला. त्याच्या सदऱ्यावर रक्त होते. मी डोळ्यांनी पाहिले.’ मग दारावर थाप पडते. तिथे थांबले.

जानकी म्हणाली, “हो लेखक आजारी पडलो होतो काय? पैल्यासारखा लिवणा नाय. ताठ लिवता. इस्त्री केलेल्यासारख्या.”

आजवर माझ्या कामाला कुणी ताठ म्हणालं नव्हतं. म्हणजे म्हणाले होते, पण कौतुकाने.

“पण ती कोळीण,” जानकी पुढे म्हणाली, “ती झकास आसा. ती माझ्यासारखी आसा.”

“योगायोग,” मी म्हणाले.

सोमवार, २५ नोव्हेंबर

रोज सकाळी लिहायचं, दुपारी वाचायचं. बारा डबे धुऊन बारा नमुने घ्यावेत तसं चाललंय. जानकी रोज लेखकावर टीका करते आणि मला रोज त्याच्या वतीने गप्प बसावं लागतं.

आज म्हणाली, “ह्या लेखकाक सांग, पोस्टमास्तराक जरा हसव. सात भाग हसत होतो, आठव्यात त्येका काय मूळव्याध झाली?”

“मेलेल्या लेखकाला मी कसं सांगू?”

“तो मेलो ता तुका कोणी सांगितल्यान?”

मी पानं सरळ केली. “रतन म्हणाली.”

“असां होय. कधी मेलो? सातव्याच्या आधी की आठव्याच्या नंतर?”

“ते मी विचारलं नाही.”

“नाय विचारलंस ता बरा केलंस,” ती म्हणाली आणि स्वतःशीच हसली. म्हाताऱ्या बाईला हसू कशाचं आलं कळलं नाही.

संध्याकाळी पोस्टमास्तरला हसवायचा प्रयत्न केला. कठीण काम. शेवटी तो कोळणीच्या बोलण्यावर हसला, माझ्या नाही.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

वाट लागली.

आज पुतण्याची चौकशी होती. पोस्टमास्तर त्याला पत्रातला मजकूर सांगतो आणि विचारतो, त्या पहाटे होडीत कोण कोण होतं? मी छान ऐटीत वाचत होते. जानकीने हात वर केला, बस थांबवतात तसा.

“थांब. खून कधी झालो?”

“आषाढात. सातव्या भागातच आहे ते.”

“आणि पुतण्या होडी भरून मासळी घेऊन इलो?”

“हो.”

“आषाढात?”

“हो गं. पाऊस, पाणी, मासे. काय अडलंय?”

जानकी इतकी हसली की तिला ठसका लागला. मला उठून पाणी द्यावं लागलं. “गो बाय माझे! आषाढात होडी दर्यात? होड्ये वर ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेयतत. नारळी पुनवेशिवाय दर्यात कोण घालता? लिवणारो घाटावरचो दिसता!”

घाटावरचा. मी बुलडाण्याची. आमच्याकडे नदी होती ती उन्हाळ्यात रस्ता व्हायची. मला काय माहीत होड्यांना पावसाळ्याची रजा असते? एका वाक्यात माझ्या साठ पानांचं दूध नासलं. पत्र खोटं, पुतण्याची चौकशी खोटी, सगळंच खोटं.

डोकं दुखतंय म्हणून निघून आले. बारा दिवस उरलेत. सगळं पुन्हा लिहायचं तर जमणार नाही. आणि खुनी कोण ते मला अजून ठरवता आलेलं नाही, हे मी भीमराजनासुद्धा सांगितलेलं नाही.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

सकाळी सातला दूध तापत होतं. ते वर यायला लागलं आणि मी गॅस बंद करायला विसरले. कारण तेव्हाच लक्षात आलं.

लिहिणारा घाटावरचा दिसतो. कोण लिहिणारा? पत्र लिहिणारा!

सातवणच्या कुठल्याही पोराला माहीत आहे की आषाढात होडी दर्यात जात नाही. मग पुतण्यावर आळ घ्यायला असलं पत्र कोण लिहील? ज्याला होड्यांचं काहीच माहीत नाही तो. बाहेरून आलेला. आणि सातही भागांत बाहेरून आलेला माणूस एकच आहे, शाळेतला मास्तर. देशावरून बदलून आलेला, अक्षर सुंदर, सगळ्यांची पत्रं लिहून देणारा. तिसऱ्या भागापासून लेखकाने त्याला तिथे बसवून ठेवलाय आणि मी त्याला फर्निचर समजत होते.

माझी चूक हाच पुरावा. एक ओळही खोडायची नाही! पोस्टमास्तरला पहिल्यापासून माहीत होतं की पत्र खोटं आहे, चौकशी हा देखावा. शर्टाची बटणं लावण्याचं एक वाक्य मागे जाऊन घातलं, झालं.

ओतू गेलेलं दूध भीमराजनी पुसलं. “काय झालं?” म्हणाले. मी म्हणाले, “होडी दर्यात गेलीच नव्हती!” ते म्हणाले, “बरं.”

दुपारी वाचलं. पोस्टमास्तर मिशीत हसतो आणि म्हणतो, “ह्या पत्राच्या लेखकाने आषाढात मासळी खाल्लेली दिसते.” मग प्रकरण संपतं. जानकीने श्वास रोखला होता. मी पाहिलं. वाचत असताना समोरच्या माणसाने श्वास रोखणं काय असतं ते मला आज कळलं. पगारात हे कधी मिळालं नाही.

“आता बघ,” ती हळूच म्हणाली. “आता लेखकाचो ताठपणा गेलो.”

शुक्रवार, ६ डिसेंबर

दादरला चैत्यभूमीवर जाऊन आलो. दरवर्षीसारखं पुस्तकांच्या स्टॉलवर भीमराजनी मला शोधलं. या वर्षी मी पुस्तकांची शेवटची पानं उघडून बघत होते. लोक शेवट कसा करतात ते. एक विक्रेता म्हणाला, “ताई, शेवट वाचला तर घेणार काय?” बरोबर बोलला.

परत येईपर्यंत डोक्यात तेच वाक्य.

सोमवार, ९ डिसेंबर

उद्या ऑपरेशन. आज शेवटच्या आधीचं प्रकरण वाचलं. पोस्टमास्तर सगळ्या गावाला पोस्टाच्या ओट्यावर बोलावतो. कोळीण पुढे बसते. पोस्टमास्तर पत्र वर धरतो आणि म्हणतो, हे ज्याने लिहिलं त्याचं नाव...

मी पानं मिटली.

“वाच.”

“नाही.”

“विमल!”

“उरलेलं प्रकरण तू वाचायचं. स्वतःच्या डोळ्याने. ऑपरेशन झाल्यावर.”

ती पांढरी पडली. आतापर्यंत गमतीत असलेला चेहरा एकदम म्हातारा झाला. “माझी अट विसरलंस तू? आणि डोळो नाय इलो तर? मगे काय करू मी? काळोखात बसून विचार करत ऱ्हवू, कोणी मारल्यान दाजीक?”

“येईल डोळा.”

“तू डॉक्टर?”

“नाही. पण तुला शेवट आज सांगितला तर उद्या तू ताप आला म्हणशील, एकादशी म्हणशील. तुला मी ओळखते.”

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. ती जा म्हटल्याशिवाय मी कधी उठत नाही, आज उठले. जयवंत दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. “मावशी, हे काय केलंत? आता ती येतच नाही बघा,” असं म्हणाला. मीही तेच म्हणत होते, मनात.

चूक केली असेन तर मोठी केली आहे.

मंगळवार, १० डिसेंबर

साडेसहाला दार उघडलं तर जानकी जिन्यापाशी तयार. हिरवं पातळ, हातात पिशवी. “चल. तो मेलो पोस्टमास्तर माका रात्रभर झोपूक देणा नाय.”

रिक्षात माझा हात धरून बसली. घाटकोपरचं हॉस्पिटल येईपर्यंत सोडला नाही. माझी बोटं आखडली.

तिला आत नेलं आणि जयवंत कागदांवर सह्या करायला गेला. मी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले आणि मग डोक्यात प्रकाश पडला. ती स्वतः वाचणार, म्हणजे काय वाचणार? माझं हस्ताक्षर! रेघांच्या कागदावर, निळ्या शाईत, माझं अक्षर. हे कालच कसं सुचलं नाही? साकीनाक्याला टायपिंगचं दुकान आहे, तिथून टाइप करून घेता येईल. पुठ्ठा चिकटवता येईल. जयवंतला सांगता येईल.

वीस मिनिटं हा विचार केला. मग सोडला. वीस दिवस ती मला लेखकाबद्दल काय काय ऐकवत होती, तेही आठवलं. कधी मेलो, सातव्याच्या आधी की नंतर. आणि ती एकटीच हसली होती.

असो. नमुना आहे तसा पुढे ठेवायचा.

पण शेवटचं प्रकरण लिहिलेलंच नव्हतं. मी पिशवीतून कागद काढले आणि मांडीवर घेऊन लिहायला बसले. ती आत होती आणि मला दुसरं काही करता येत नव्हतं. मास्तरने गुन्हा कबूल केला. दाजीने त्याला सांगितलं होतं की तू गावाचा नाहीस, कधीच होणार नाहीस. त्याला राग आला, ढकललं, दाजी दगडावर पडला. मग भीतीने पत्र लिहिलं. मी लिहीत गेले. शेवटी लिहिलं, मास्तरला फाशी झाली. नियम म्हणजे नियम.

‘झाली’ लिहिलं आणि दार उघडलं. नर्स म्हणाली, “जानकीबाईंचं कोण?”

“मी,” मी म्हणाले. जयवंत माझ्या मागे उभा होता.

बुधवार, ११ डिसेंबर

पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं दाखवली. तिने तीन म्हटलं, मग दोन. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “गो विमल, किती सुरकुतलंस तू!”

चष्मा पुसायला मी खिडकीकडे गेले. धूळ फार होती.

बुधवार, १८ डिसेंबर

डॉक्टरांनी आजपासून दिवसाला दहा मिनिटं वाचायला परवानगी दिली. तात्पुरता चष्मा लावून जानकी खिडकीत बसली. मी कागद तिच्या हातात दिले. पुठ्ठा लावला नाही. मी घड्याळ समोर ठेवलं.

तिने पहिलं पान पाहिलं. रेघा पाहिल्या. शाई पाहिली. मी दुधाच्या परीक्षेला बसलेल्या गवळ्यासारखी बसले होते. ती ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली, ओठ हलवत. अर्ध्या पानाला एकदा हसली. दुसऱ्या पानाला बोट थांबलं.

“दहा मिनिटं झाली,” मी म्हणाले आणि कागद काढून घेतले.

“मेलंस! नाव तरी!”

“नियम.”

“डोळ्यांक बंदी. कानांक नाय. वाच.”

मी वाचलं. मास्तरचं नाव आलं तेव्हा ती उठून बसली. “खुनी घाटावरचो केलंस? तुझोच माणूस?”

‘केलंस’ म्हणाली. ‘लेखकाने केलं’ असं नाही म्हणाली.

“पुरावा तसाच होता,” मी म्हणाले.

पुढे वाचलं. ढकलणं, दगड, पत्र. मग फाशी. तेही वाचलं.

जानकीने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीवर कुणी कपडे वाळत घालत होतं, ते तिने रंगांसकट सांगितलं. मग म्हणाली, “त्येका फाशी देव नको.”

“का? खून केलाय त्याने.”

“गावात ऱ्हवूची इच्छा होती त्याची. चुकलो खरो. खोटाय लिवल्यान. पण लिवता बरा.”

मी पेन काढलं आणि फाशी खोडली.